दाढेची कॅप, अमेरिकन डायमंड आणि एक भट्टी

परवा शनिवारी माझं रूट कॅनाल संपलं. एकदाचं संपलं. तीन आठवडे मी फक्त डाव्या बाजूने जेवत होतो. डॉक्टरबाईंनी मग साडीच्या दुकानात मांडतात तशा माझ्यासमोर तीन कॅप मांडल्या. एक अख्खी धातूची, एक आतून धातू आणि वरून सिरॅमिक, आणि तिसरी पूर्ण पांढरी. तिसरीची किंमत ऐकून शेजारची दाढही दुखायला लागली.

"ही झिर्कोनियाची. पंधरा वर्षांची वॉरंटी, कार्ड मिळतं. ही तुटत नाही."

आता मी कागदोपत्री मेटलर्जीचा इंजिनिअर आहे. कागदोपत्री म्हणजे डिग्री आहे, पण कॅम्पसमधून थेट आयटीत गेलो आणि गेली सहा वर्षं जावा लिहितोय. तरी थर्ड इयरचा सिरॅमिक्सचा पेपर थोडा लक्षात आहे. सरांनी फळ्यावर झिर्कोनियाचा आलेख काढून सांगितलं होतं, की शुद्ध झिर्कोनियाची वीट करून भट्टीत चांगली तापवा आणि थंड होऊ द्या. बाहेर वीट येणार नाही, तुकडे येतील. परीक्षेला येणार म्हणून पाठ केलं, आलंही. पाच मार्क.

मग जे मटेरियल नुसतं थंड होताना फुटतं, ते माझ्या दाढेवर पंधरा वर्षं कसं टिकणार? बाईंना म्हटलं, पुढच्या शनिवारी सांगतो. घरी येऊन वाचायला बसलो आणि रविवार कुठे गेला कळलं नाही. त्यात २००१ सालची एक गोष्ट सापडली, जी आम्हाला वर्गात कुणी सांगितली नव्हती. खरं तर तिच्यासाठीच हे सगळं टंकतोय. पण त्यासाठी आधी जरा मागे जावं लागेल.

सुरुवात श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये. तिथल्या नद्यांच्या वाळूत झिरकॉनचे खडे सापडायचे. हा शब्द फारसीतल्या 'जरगून'वरून आला असं मानतात, म्हणजे सोन्याच्या रंगाचा. आपल्या पैठणीच्या काठातली जर तीच. १७८९ साली बर्लिनमध्ये मार्टिन क्लापरोथ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने सिलोनच्या खड्याचं पृथक्करण केलं, आणि त्याला त्यात कुठल्याच माहितीतल्या पदार्थाशी न जुळणारी एक 'माती' मिळाली. तीच झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियम या धातूचं ऑक्साइड. खुद्द धातू वेगळा करायला बर्झेलियसला १८२४ साल उजाडलं. पुढे १८९२ मध्ये जोसेफ बॅडली नावाच्या गृहस्थाने सिलोनमधल्या रक्वानाहून आणलेल्या नमुन्यांत हे ऑक्साइड निसर्गतःच खनिजरूपात सापडलं. ब्रिटिश म्युझियमच्या फ्लेचरने त्याला बॅडलीआइट असं नाव दिलं.

हे ऑक्साइड वितळायला सुमारे २७०० अंश सेल्सिअस लागतात. लोखंड १५३८ ला वितळतं. त्यामुळे लोकांना लगेच वाटलं, वा, काय विटा होतील याच्या! आणि इथेच पंचाईत झाली.

या पदार्थाच्या अणूंची मांडणी तापमानाप्रमाणे बदलते. तीन मांडण्या आहेत. सर्वांत वर, साधारण २३७० अंशांच्या पुढे, क्युबिक. साखरेच्या क्यूबसारखी चौकोनी खोकी एकावर एक रचलेली. त्याखाली टेट्रागोनल, म्हणजे तेच खोकं एका दिशेने किंचित ताणलेलं. आणि साधारण ११७० अंशांच्या खाली मोनोक्लिनिक. काडेपेटीचं रिकामं खोकं बाजूने दाबलं की कसं तिरकं होतं, तसं. कारण सोपं आहे. वरच्या मांडणीत झिर्कोनियमच्या प्रत्येक अणूभोवती आठ ऑक्सिजन असतात, पण एवढ्या शेजाऱ्यांसाठी तो अणू जरा लहान पडतो. सगळं तापून हलतंय तोवर निभावतं. थंड झाल्यावर तो सात ऑक्सिजनवर भागवतो, आणि खोकं तिरकं होतं.

तिरकं होताना ते फुगतंही. आकारमान चार ते पाच टक्क्यांनी वाढतं. ऐकायला फार वाटत नाही, पण फ्रीजरमध्ये काचेची पाण्याची बाटली विसरलेल्यांना विचारा. पाणी नऊ टक्के वाढतं. इथे त्याच्या निम्मं, पण सिरॅमिकला निम्मंही सोसत नाही. शिवाय हा बदल सावकाश, एकेक अणू सरकत होत नाही. कवायतीत ऑर्डर मिळाल्यावर अख्खी रांग एकदम वळते तसा होतो. लोहार लाल पातं पाण्यात बुडवतो तेव्हा पोलादात जे होतं, त्याच जातीचं हे प्रकरण आहे. तापवताना ११७० च्या आसपास आणि थंड होताना बरंच खाली, ९५० च्या आसपास. वीट फुटते ती इथे.

यावर तोडगा मिळाला तो एका वेगळ्याच वाटेने. १८९७ साली जर्मनीत वाल्थर नेर्न्स्टने (हो, तोच, नेर्न्स्ट इक्वेशनवाला, ज्याने आपल्याला बारावीला छळलं) एक दिवा काढला. त्यात तार नव्हती, झिर्कोनियाची बारीक कांडी होती. त्यात त्याने थोडं यट्रिया, म्हणजे यट्रियम या दुसऱ्या धातूचं ऑक्साइड मिसळलं होतं. थंड असताना कांडीतून वीज जात नाही, तापली की जाते आणि ती लख्ख पेटते. गैरसोय एकच, दिवा लावण्याआधी कांडी तापवायला लागायची. टंगस्टनच्या तारेने पुढे या दिव्याला घरी बसवलं. पण ती कांडी रोज तापून, रोज थंड होऊनही फुटत नव्हती. हे यट्रियाचं काम होतं.

हे नेमकं कसं होतं ते समजायला क्ष-किरणांची वाट बघावी लागली. १९२९ मध्ये ओट्टो रुफ आणि एबर्ट यांनी दाखवलं, की झिर्कोनियात मॅग्नेशिया किंवा कळीचा चुना अशी ऑक्साइडं मिसळली, की वरची क्युबिक मांडणी थंड झाल्यावरही तशीच राहते. खालच्या रूपात जातच नाही. पुढे १९४३ साली कार्ल वॅगनरने नेर्न्स्टच्या कांडीतून वीज कशी वाहते याचा उलगडा केला. यट्रियमचे दोन अणू झिर्कोनियमच्या दोन जागांवर बसले, की हिशोबाला एक ऑक्सिजन कमी पडतो आणि ती खुर्ची रिकामी राहते. गरम झाल्यावर ऑक्सिजन या रिकाम्या खुर्च्यांवरून उड्या मारत पुढे जातात. या रिकाम्या खुर्च्या लक्षात ठेवा. शेवटी सगळं त्यांच्यापाशीच येणार आहे.

जाता जाता एक. पूर्णपणे 'क्युबिक' करून ठेवलेल्या झिर्कोनियाचा स्वच्छ स्फटिक म्हणजे तुमच्या आईच्या, ताईच्या कानातला एडी. अमेरिकन डायमंड. याचे मोठे स्फटिक बनवायची पक्की पद्धत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉस्कोतल्या लेबेडेव्ह संस्थेत बसली. अडचण अशी होती की २७०० अंशांना वितळणारा पदार्थ वितळवायचा कशात? भांडंच आधी वितळेल. त्यांनी पाणी खेळवलेल्या तांब्याच्या नळ्यांचा पिंजरा केला आणि रेडिओ लहरींनी फक्त आतली पावडर वितळवली. कडेची पावडर थंडच राहते आणि तीच भांडं होते. रशियन लोक संस्थेच्या नावावरून त्याला 'फिआनाइट' म्हणतात. आपण मात्र ऐन शीतयुद्धात जन्मलेल्या सोव्हिएत खड्याला अमेरिकन म्हणत लग्नात मिरवतो. असो.

आता मुख्य रस्त्यावर येऊ. १९७५ पर्यंत सगळ्यांची समजूत अशी, की झिर्कोनियाचं रूप बदलणं हा दोष आहे आणि मिश्रण करून तो बंद पाडायचा. त्या वर्षी मेलबर्नच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या रॉन गार्व्ही, रिचर्ड हॅनिंक आणि पॅस्को या तिघांनी 'नेचर'मध्ये एक छोटासा लेख छापला. शीर्षक होतं, 'सिरॅमिक पोलाद?' प्रश्नचिन्हासकट. त्यांनी चुना मुद्दाम कमी घातला. म्हणजे सगळं क्युबिक होऊ दिलं नाही, मध्ये मध्ये टेट्रागोनलचे बारीक कण अडकवून ठेवले. हे कण खोलीच्या तापमानाला खरं तर मोनोक्लिनिक व्हायला हवेत. पण चारी बाजूंनी दाबलेले असल्यामुळे त्यांना फुगायला जागाच नसते.

विरार लोकल आठवा. सव्वासहाची. खांद्यावरची सॅक पुढे घ्यायची असते, पण हात वर होत नाही, कारण जागाच नाही. माणूस अवघडलेला असतो, संधीची वाट बघत. आता समजा बोरिवलीला दारापाशी जरा फट पडली. त्या फटीजवळचे सगळे एकदम कोपरं काढतात, सॅक सरळ करतात आणि फट गायब!

झिर्कोनियात अगदी हेच होतं. बाहेरून तडा शिरायला लागतो. तड्याच्या टोकापाशी मटेरियल ओढलं जातं, म्हणजे जागा होते. त्याबरोबर तिथले टेट्रागोनल कण मोनोक्लिनिक होतात, फुगतात आणि तडा दोन्हीकडून आवळतात. ज्या फुगण्यामुळे वीट फुटायची, त्याच फुगण्याने तडा अडवायचा. आम्ही टेस्टर लोकांशी भांडताना "हा बग नाही, फीचर आहे" म्हणतो ना, ते बहुतेक वेळा खोटं असतं. इथे खरं निघालं.

मला या लेखाचं प्रश्नचिन्ह फार आवडतं. तिघांनी नवी गोष्ट शोधली होती, तरी शीर्षकात 'पोलाद' म्हणताना जरा दबकून म्हटलं. हल्ली प्रेस रिलीज वाचताना ते आठवणार.

पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत वेस्टिंगहाउसमध्ये टी. के. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोन-तीन टक्के यट्रिया घातलं आणि कण अगदी बारीक, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान ठेवले, तर जवळजवळ सगळंच मटेरियल टेट्रागोनल अवस्थेत थांबवता येतं. आजच्या पांढऱ्या सिरॅमिक सुऱ्या आणि दातांच्या कॅप याच घराण्यातल्या. मात्र कण बारीक राहायला हवेत. भट्टीत जास्त भाजून ते मोठे झाले, तर त्यांना धरून ठेवता येत नाही. कमी भाजलं तर आत बारीक छिद्रं राहतात. म्हणजे मिश्रण कितीही बरोबर असो, सगळी मदार भट्टीवर.

आता खुब्याचा सांधा. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन चार्नलीने कृत्रिम खुबा यशस्वी केला. मांडीच्या हाडात धातूची दांडी, तिच्या टोकावर धातूचा गोळा आणि वर प्लॅस्टिकची वाटी. गोळा वाटीत घासून प्लॅस्टिकचा भुसा निघायचा आणि त्या भुशामुळे आजूबाजूचं हाड झिजायचं. म्हणून जास्त गुळगुळीत गोळा हवा होता. फ्रान्समध्ये पिएर बुताँने १९७० मध्ये अल्युमिनाचं सिरॅमिक वापरून पाहिलं. गुळगुळीत होतं, पण ठिसूळ. आणि अंगात सिरॅमिक फुटलं तर काय होतं याचा विचार करा. काचेसारखे कण मांसात रुतून बसतात. सर्जनला ते एकेक वेचावे लागतात आणि जे राहतील ते नवा सांधाही खरवडतात.

तेव्हा अल्युमिनाच्या जवळपास दुप्पट ताकदीचा झिर्कोनिया सर्जन लोकांना देवासारखा वाटला असेल तर नवल नाही. १९८५ च्या सुमाराला पहिले गोळे बसले. पुढच्या काळात जगभरात सहा लाखांहून जास्त माणसांच्या खुब्यात झिर्कोनिया गेला. त्यातले पुष्कळ गोळे सें-गोबें देमार्केस्त या फ्रेंच कंपनीचे, 'प्रोझीर' नावाचे. फुटण्याचं प्रमाण दहा हजारांत दोन-तीन. म्हणजे उत्तमच.

पण एक कागद १९८१ पासून पडून होता. जपानमध्ये कोबायाशी आणि सहकारी सांध्यांवर नव्हे, तर ऑक्सिजन मोजायच्या यंत्रांसाठी झिर्कोनियावर काम करत होते. (तेच ते रिकाम्या खुर्च्यांवरून उड्या मारणारे ऑक्सिजन. तुमच्या गाडीच्या एक्झॉस्टमधला सेन्सर त्यावरच चालतो.) त्यांना दिसलं, की दमट हवेत अडीचशे अंशांच्या आसपास नुसतं ठेवलं तरी यट्रियावाल्या झिर्कोनियाचा पृष्ठभाग आपोआप मोनोक्लिनिक होत जातो. तडा नाही, ताण नाही, फक्त पाण्याची वाफ. सर्वमान्य स्पष्टीकरण असं, की पाणी त्या रिकाम्या खुर्च्यांवर जाऊन बसतं. ज्या रिकाम्या जागांच्या जिवावर टेट्रागोनल टिकलं होतं, त्याच भरून गेल्या. मग वरचा एक कण पलटतो, फुगतो, शेजाऱ्याला ढकलतो, बारीक भेग पडते. भेगेतून पाणी आणखी आत जातं आणि शेजारी पलटतो.

माणसाच्या अंगात तर चोवीस तास पाणी. पण तिथलं तापमान ३७ अंश. चढ्या तापमानांना मोजलेल्या वेगावरून खालच्या तापमानाचा हिशोब केला, तर सदतीस अंशांना हा बदल फारच संथ येत होता. म्हणून १९९० च्या दशकात बहुतेकांनी तो धोका मोजण्याइतका मोठा मानला नाही. पहिली घंटा वाजली ती ऑपरेशन थिएटरात. काही ठिकाणी हे गोळे वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंशांना पुन्हा निर्जंतुक केले गेले आणि त्यांचे पृष्ठभाग खडबडीत झाले. १९९७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सूचना काढली, की झिर्कोनियाचे गोळे वाफेत पुन्हा निर्जंतुक करू नका. सूचना वाफेपुरतीच होती. अंगातल्या पाण्याबद्दल कोणी फार काळजी करत नव्हतं.

आणि मग १९९८. देमार्केस्तने गोळे भाजायची भट्टी बदलली. आधी एकावेळी एक घाणा भाजणारी भट्टी होती. भरा, तापवा, थंड करा, रिकामी करा. त्याऐवजी बोगद्यासारखी सलग भट्टी आली. एका तोंडाने गोळे आत जातात, सरकत सरकत दुसऱ्या तोंडाने बाहेर येतात. उत्पादन वाढवायला ही पद्धत चांगली, जगभर वापरतात. पावडर तीच, यट्रियाचं प्रमाण तेच, ड्रॉइंग तेच.

पण काही गोळे मधोमध पुरेसे भाजले जाईनात. बाहेरून घट्ट, आत गाभ्यात किंचित सच्छिद्र. एरवी गाभा आतच राहिला असता आणि कोणाला कळलंही नसतं. पण हा गोळा दांडीवर बसवायचा असतो. त्यासाठी भाजून झाल्यावर मधोमध भोक कोरायचे. म्हणजे जो भाग सर्वांत कच्चा तोच कोरून उघडा केला, आणि तिथेच अंगातलं पाणी पोचलं. गोळा बाहेरून चकचकीत. आत, भोकाच्या भिंतीवर, एकेक कण पलटत चाललेला.

गोळे एक-दोन-तीन वर्षांत फुटायला लागले. ऑगस्ट २००१ मध्ये कंपनीने नव्या भट्टीतले लॉट परत मागवले. साधारण चारशे गोळे थोड्या काळात फुटले. प्रत्येक लॉट वाईट नव्हता. बऱ्याच लॉटमध्ये काही झालं नाही, काहींत मात्र फुटण्याचं प्रमाण कित्येक टक्क्यांवर गेलं. आता 'परत मागवणे' हा शब्दप्रयोग बघा. गाडीचा ब्रेक परत मागवता येतो. बसवलेला खुबा कसा मागवणार? ज्यांच्या अंगात त्या लॉटचे गोळे होते त्यांना फक्त वाट बघायची होती. जिना उतरताना आतून कट्ट आवाज येतो का, याची. फुटल्याशिवाय पुन्हा ऑपरेशन करायचं की नाही, हा निर्णय डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही जड गेला असणार. ही बहुतेक साठी-सत्तरीची माणसं. माझ्या आजीला खुब्याच्या एकाच ऑपरेशनातून उठायला चार महिने लागले होते (तिचा धातूचा आहे), म्हणून हा भाग मी दोनदा वाचला.

या ठिकाणी मला स्वतःची एक गोष्ट आठवल्यावाचून राहिली नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमने एक रात्रीचा जॉब नव्या सर्व्हरवर हलवला. कोडची एक ओळ बदलली नव्हती, म्हणून टेस्टिंग अर्ध्या दिवसात उरकलं. उरकणारा मीच. नव्या मशीनवर फायली वेगळ्या क्रमाने वाचल्या जात होत्या. तीन आठवडे आकडे थोडे थोडे चुकत होते आणि कोणाला पत्ता नव्हता, कारण जॉब रोज सकाळी हिरवा दिसायचा. आम्ही ते एका रविवारी बसून दुरुस्त केलं, सॉरीची मेल पाठवली, संपलं. कोणाचं हाड मोडलं नाही. देमार्केस्तच्या भट्टीशेजारी उभ्या असलेल्या इंजिनिअरला मी नावं ठेवू शकत नाही. त्याच्याकडेही बाहेर येणारा गोळा तेव्हाच्या चाचण्यांना उतरतच होता. पाण्यात मुरल्यावर तो कसा वागेल, हे विचारणारी चाचणीच त्या यादीत नव्हती.

ती नंतर आली. फ्रान्समध्ये लिऑनच्या जेरोम शेवालिए आणि सहकाऱ्यांनी ऑटोक्लेव्हलाच टेस्ट रिग बनवलं. १३४ अंशांच्या वाफेतला एक तास म्हणजे अंगातली साधारण तीन-चार वर्षं, असा त्यांचा हिशोब. २००८ साली आयएसओच्या मानकात हे शिरलं. पाच तास वाफेत ठेवा, पृष्ठभागावर मोनोक्लिनिक पंचवीस टक्क्यांहून जास्त झालेलं चालणार नाही. म्हणजे जी वाफ १९९७ मध्ये वर्ज्य होती, तीच परीक्षक झाली.

झिर्कोनियाच्या गोळ्यांचा बाजार मात्र २००१ नंतर एका वर्षात बसला तो बसलाच. मला वाटतं यात मटेरियलवर जरा अन्याय झाला. बिघडली होती ती भाजणी, आणि जुन्या भट्टीतले लाखो गोळे निमूट काम करत होते. पण ज्याच्या खुब्यात तो आहे त्याला हा फरक समजावायला कोण जाणार? आज खुब्यात जे गुलाबी रंगाचे सिरॅमिक गोळे बसवतात, त्यात मुख्य अल्युमिना आणि सुमारे सतरा टक्के झिर्कोनिया असतो. तडा अडवायचं काम त्याच्याकडेच आहे, पण आता तो अल्युमिनाच्या घट्ट चौकटीत, कडक पहाऱ्यात. (गुलाबी रंग क्रोमियमचा.)

आणि दातांचे डॉक्टर? ते याच सुमाराला झिर्कोनियाकडे वळत होते. खुब्यातून बाहेर पडला आणि तोंडात शिरला. तोंडात भार कमी, आणि कॅप फुटलीच तर शिव्या देत नवी बसवता येते. दातासारखी पारदर्शक छटा यावी म्हणून हल्ली यट्रिया वाढवून क्युबिकचं प्रमाण वाढवतात. दिसते छान, पण क्युबिक कण पलटत नाहीत, त्यामुळे तडा अडवायची करामत तेवढी कमी होते. समोरच्या दातांना ते परवडतं.

तर काल पुन्हा शनिवार होता. खुर्चीत आडवा होण्याआधी मी बाईंना दोन प्रश्न विचारले. यट्रिया कमीवाली की जास्तवाली? आणि तुमची लॅब कॅप भाजते कशी? कारण आता अशाही भट्ट्या आहेत ज्या सात-आठ तासांचं काम तासाभराच्या आत करतात. त्या वाईट असतात असं मुळीच नाही. तपासून घेतलेल्या असल्या की झालं.

बाईंनी माझ्याकडे दोन सेकंद पाहिलं आणि लॅबला फोन लावला. "पेशंट इंजिनिअर आहेत," असं त्या हळू आवाजात म्हणाल्या, पण मला ऐकू आलं. मागच्या दाढेसाठी कमी यट्रियावाली, आणि भट्टी रात्रभराच्या सायकलवर लावतात, असं उत्तर आलं.

म्हटलं, बसवा.